गोळी कशाची

हे दुखणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. ताप आला असता, पडझड झाली असती, तर अमुक सणाच्या आधी किंवा नंतर असं तरी म्हणता आलं असतं. माझ्या बाबतीत एवढंच झालं की मी दमायला लागले, आणि मग दमलेलीच राहिले.

तेव्हा आम्ही निपाणीत होतो. यजमान मराठी शाळेत मास्तर. घरात ते, मी, आमची लहान मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्ती म्हणत असे. घर जैनांचं. कांदा-लसूण, बटाटा दारातून आत येत नसे. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नसे. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आणि चूल सारवून टाकायची. या सगळ्याला वेळच्या वेळी हातपाय हलवणारं माणूस लागतं. ते माणूस म्हणजे मी होते.

सकाळी उठल्यावर मला रात्रभर कुणीतरी दळायला बसवल्यासारखं वाटे. तांदूळ निवडताना सूप मांडीवर असायचं आणि मी झोपलेली असायची. एप्रिलात गावातली माणसं अंगणात उघड्यावर निजत, मी आतल्या खोलीत वाकळ पांघरून कुडकुडत असे. चेहरा सुजला, केस गळाले, भुवयांची टोकं विरळ झाली. आवाज इतका घोगरा झाला की एकदा दारात आलेल्या माणसानं आतून आलेलं माझं उत्तर ऐकून, "मास्तर, जरा भाईर या की," अशी हाक मारली. यजमान तेव्हा शाळेत होते.

लोकांनी आपापल्या परीनं कारणं सांगितली. हंगामात सगळ्या गावाला तंबाखूचा वास असतो, कुणी म्हणालं तो वारा बाधला. कुणी म्हणालं, दुसरं मूल होत नाही म्हणून मनानं घेतलंय. शेजारच्या बाईंनी आत्तींना सांगितलं, "सोंग असंल हो. कामाचा कंटाळा दुसरं काय." आत्ती माझी बाजू घेतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी ती घेतलीही नाही. त्या म्हणाल्या, "झोपू दे तिला. जागी असून तरी काय करत्या?" मात्र दुसऱ्या दिवसापासून आडाचं पाणी त्या स्वतः शेंदायला लागल्या.

गावातल्या वैद्यांनी पांडुरोग सांगून भस्म दिलं. मध आम्हाला वर्ज्य, म्हणून ते मी तुपातून घेतलं. त्यानं तोंड काळं झालं, दुसरं काही नाही. नंतर संकेश्वरच्या एका डॉक्टरांनी रक्त कमी आहे असं सांगून लाल टॉनिक दिलं. बाटल्यांमागून बाटल्या संपल्या. ते डॉक्टर शेवटी यजमानांना बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, बाईंना माहेरी पाठवा थोडे दिवस. मन रमेल." मी माहेरी गेले. तिथं आईच्या घरी झोपले, एवढाच फरक.

यजमान स्वभावानं शांत. माझ्या दुखण्यावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि कधी फारसं विचारलंही नाही. पण एका रविवारी मुलीनं मला काहीतरी विचारलं आणि माझं उत्तर येईपर्यंत ती उठून खेळायला निघून गेली. ते त्यांनी पाहिलं. रात्री म्हणाले, "बेळगावला जाऊ. कॅम्पात एक म्हातारे डॉक्टर हाईत, लई बघत्यात म्हणं."

सर्व्हिस मोटारीनं आम्ही बेळगावला गेलो. डॉक्टर पूर्वी लष्करात होते. त्यांनी आधी मला बोलूच दिलं. मी सावकाश बोलत होते. यजमान मध्ये तोंड घालायला लागले तेव्हा त्यांना हातानं थांबवलं. मग विचारलं, "थंडी वाजते? ऐन उन्हाळ्यात?"

मी हो म्हणाले.

"घाम?"

"येत न्हाय."

कातडी चिमटीत धरून पाहिली. जीभ पाहिली. मग मला लाकडी खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरी बसायला सांगितलं. पावलं मागे लोंबत होती. त्यांनी टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीनं टकटक केली. मला काही दिसलं नाही. डॉक्टर यजमानांना म्हणाले, "पाहिलंत? पाऊल झटकन खाली गेलं, पण परत यायला किती वेळ घेतंय. आता तुमचं बघू." यजमानही त्याच खुर्चीवर गुडघे टेकून बसले. फेट्यासकट. त्यांचं पाऊल लगेच परत आलं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं असेल तर तेव्हा.

डॉक्टरांनी जुना फोटो आहे का विचारलं. यजमान मास्तरकीची परीक्षा पास झाले तेव्हा आम्ही दोघांनी एक काढवला होता. पुढच्या खेपेला तो नेला. डॉक्टरांनी तो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला, खिडकीकडे वळवला, आणि म्हणाले, "ही बाई आणि ती बाई बहिणी म्हणून चालतील. एक नव्हेत."

मग त्यांनी समजावलं. गळ्यात एक ग्रंथी असते. थायरॉइड तिचं नाव. तिचा रस कमी पडला की सगळं शरीर मंद चालतं. "माझा असा अंदाज आहे," ते म्हणाले. "पक्कं सांगायचं तर मुंबईला श्वास मोजायचं यंत्र आहे, तिथं जावं लागेल. पण औषध देऊन पाहणं हीसुद्धा परीक्षाच आहे. औषध आहे. साध्या गोळ्या." आणि चिठ्ठी लिहिता लिहिता हात थांबवून ते म्हणाले, "तुम्ही जैन ना? मग आधीच सांगतो. गोळी मेंढराच्या त्याच ग्रंथीची असते. वाळवून पूड करतात. दुसऱ्या कशाची होत नाही."

डॉक्टर पुढे म्हणाले, "न सांगता दिली असती तर तुम्हाला कळलं नसतं. आधीचं लाल टॉनिक कशाचं होतं ते तरी तुम्हाला कुठं ठाऊक आहे? जनावराच्या काळजाचं असायचं ते बहुतेक. पण मला तसं आवडत नाही. घरी जाऊन ठरवा."

परतीच्या मोटारीत, हत्तरगी गाव मागे पडल्यावर यजमान म्हणाले, "तू ठरव." त्यांनी ते मोठ्या मनानं म्हटलं हे मला कळत होतं. पण ठरवण्याइतकं डोकं चालत असतं तर मी बेळगावला गेलेच नसते. नको म्हणायलाही जोर लागतो. मी टॉनिकचा विचार करत राहिले. ते पिऊन मला काही झालं नव्हतं, आणि आता कळल्यावर किती बाटल्या झाल्या ते मोजत होते.

आत्तींपासून लपवणं मला जमलं नसतं. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"गोळी कशाची हाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. ऐकू आलं होतं तरी.

"मेंढराच्या गळ्यातल्या गाठीची. वाळवून."

"न्हाय खाल्लीस तर?"

"वाढत जातंय म्हणाले. मग एक दिवस माणूस झोपंतनं उठत न्हाय."

आत्ती शेंगा फोडत राहिल्या. मुलगी समोर टरफलं गोळा करून त्यांचं घर मांडत होती. तिच्याकडं पाहून त्या म्हणाल्या, "लेकरू ल्हान हाय." मग शेंगांचं सूप बाजूला सारून म्हणाल्या, "खा. पर सैपाकघरात ठिवू नको. आनि मुनिमहाराज आहाराला आलं की तू हुबं ऱ्हायचं न्हाय. काया शुद्ध हाय असं म्हणावं लागतंय तितं. तुला म्हणवायचं न्हाय, आनि तू म्हटलीस तर मला ऐकवायचं न्हाय."

मी बरं म्हणाले. मलाही ते पटलं होतं.

बाटली मी पुढच्या सोप्यातल्या कोनाड्यात, यजमानांच्या शाईच्या दौतीमागं ठेवली. आधी अर्धी गोळी, मग हळूहळू वाढवत. पहिले काही दिवस छातीत धडधड झाली आणि मी घाबरले. मग एका दुपारी पाठ ओली लागली. पाणी सांडलं असेल म्हणून मी मागे वळून पाहिलं. घाम होता. त्यानंतर चेहऱ्याची सूज उतरली, आवाज मोकळा झाला. मुलीनं विचारलेल्याचं उत्तर तिच्या समोर असतानाच द्यायला लागले. आड पुन्हा माझ्याकडं आला. आत्तींनी दोर माझ्या हातात दिला आणि त्या आत गेल्या.

त्या चातुर्मासात गावात मुनिमहाराज होते. दिवसातून एकदाच ते घेतात ते जेवण, त्यांचा आहार, एकदा आमच्या घरी झाला. आत्ती आणि यजमान ओल्या धुतल्या वस्त्रांनी कलश घेऊन दारात उभे राहिले. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहारपाणी शुद्ध असं म्हणाले. मी परसातल्या सोप्यावर बसले होते. इतकी वर्षं अंगात त्राण नव्हतं तेव्हा मी त्या रांधपात हजर होते, पळी हातातून गळत होती तरी. आता अख्ख्या गल्लीचा स्वयंपाक केला असता आणि मला बाहेर बसायचं होतं. मुलगी धावत आली. "आई, तू का येत न्हाईस?"

"माझं औषध चालू हाय," मी म्हणाले. तिला ते पुरलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. भूक लागली होती, ते आठवतं.

काही वर्षं अशीच बरी गेली. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली. आधी विलायतेहून येणाऱ्या गोळ्या उशिरा येत, मग कमी येत, मग येईनाशा झाल्या. यजमान कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं बेळगावला जाऊन रिकाम्या हातानं परत येत. डॉक्टरांनी मुंबईला लिहिलं, पुण्याला लिहिलं. माल नव्हता. मी उरलेल्या गोळ्यांचे तुकडे करून घेतले. तेही संपले. थोड्याच दिवसांत वाकळ पुन्हा बाहेर निघाली. या वेळी मला पुढचं सगळं माहीत होतं, त्यामुळे ते जास्त अवघड गेलं.

एकदा यजमान बेळगावहून आले आणि हातपाय न धुताच बसले. आत्तीही तिथंच होत्या. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, एक वाट हाय. गोळ्या नव्हत्या तवा ती गाठ ताजीच देत होते. खाटकाकडनं आणायची आनि थोडी शिजवून खायाची. कुठली गाठ ती ते दावून देतो म्हणाले."

मी आत्तींकडं पाहिलं. त्या आता उठून आत जातील, निदान यजमानांना तरी काही बोलतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "परसात दुसरी चूल मांडा. भांडं येगळं. मी तेवढा येळ बस्तीत देवापुढं जाऊन बसतो."

यजमान त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांनी हे अपेक्षिलं नव्हतं. मीही नाही.

"न्हाय," मी म्हणाले.

"का गं?" आत्तींनी विचारलं.

"गोळी खाईन. ते न्हाय."

गोळीत आणि त्यात फरक काय, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. आजही येत नाही. गोळीचं मेंढरू कुठं दूर, माझ्या नावानं कापलेलं नव्हतं, असं मी मनाला सांगत आले होते. ते पुरतं खरं नव्हतं हे मला ठाऊक होतं. पण चूल, भांडं, वास, आणि यजमान फडक्यात गुंडाळून काही घेऊन मोटारीतून येतायत, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि माझं उत्तर ठरलं. इतक्या मंद डोक्यानं मी एवढं लवकर कधी काही ठरवलं नव्हतं. आत्ती मला समजवायला गेल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बघ बाई. तुझं अंग हाय."

पुढचा काळ मला तुटक तुटक आठवतो. आत्ती वाकल्या होत्या, तरी पाणी शेंदत. मुलगी आता भाकरी थापण्याइतकी मोठी झाली होती. पोस्टमन गल्लीत दिसला की आत्ती उंबऱ्यापर्यंत जात आणि विचारत, "औषध आलंय काय?" पूर्वी त्या बाटलीचं नावही घेत नसत.

लढाई संपायच्या आधीच, बहुधा लष्कराच्या कुठल्या दुकानातून, डॉक्टरांना एक बाटली मिळाली आणि नंतर माल सुरळीत झाला. मी पुन्हा उभी राहिले. आत्ती त्यानंतर दोन पावसाळे राहिल्या. त्यांचं शेवटचं सगळं मी केलं. त्यांना अंघोळ घालताना एकदा म्हणाल्या, "तुझे हात ऊन हाईत."

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना सोडला. त्यांच्या जागी तरुण डॉक्टर आले. त्यांनी माझी चिठ्ठी पाहून विचारलं, "हे निदान कसं झालं? तपासणी कुठं केली?"

"अंदाज होता," मी म्हणाले.

"मग काही महिने गोळ्या थांबवून बघू. नक्की तेच आहे का ते कळेल. नसलं तर उगाच जन्मभर कशाला खायच्या?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की लढाईत थांबवून झालंय. ते म्हणाले, त्याची नोंद नाही. मी म्हणाले, "नसेल. पण मी होते की तिथं." ते थोडे ओशाळले आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. दुखण्याच्या नावापुढं त्यांनी प्रश्नचिन्ह घातलेलं यजमानांनी मला दाखवलं. माझी हरकत नव्हती.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. मोटार संकेश्वरला पोचायच्या आत दिवस मावळला असता, म्हणून आम्ही स्टँडवरच बाकावर बसून दशम्यांची पुरचुंडी सोडली आणि जेवून घेतलं.