कोपऱ्याअलीकडे सेतुमामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मामांकडेच बघत होतो. डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवून पुण्याच्या हॉलमध्ये खुर्चीवर गोल फिरत होतो, आणि समोर सेतुमामा खाकी पिशवी खांद्याला लावून तंजावरच्या बोळातून चालले होते... बायकोनं मागून पट्टा सोडवला. म्हणाली, "मामा गेले." मी मूर्खासारखा म्हणालो, "थांब, अजून कोपऱ्यापर्यंत पोचले नाहीत." त्याला सहा आठवडे झाले. हे वाक्य तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

सेतुमामा तिचे सख्खे मामा. तंजावरच्या जुन्या वस्तीत त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली, तमिळ हेल काढणारी. 'सगळं'ला ते 'अस्कं' म्हणत आणि जावयाला, म्हणजे मला, तमिळमध्ये 'मापिळ्ळै'. माझं पुणेरी बोलणं ऐकलं की विचारत, "बातम्या वाचून झाल्या का?" निवृत्तीनंतर त्यांना एक छंद लागला होता. कुठल्या दारात कोण कसं पत्र घ्यायचं, ते जेवणानंतर करून दाखवायचे. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारे वकील, पत्राआधी तिकीट मागणारी मुलगी, पाकिटाचा वास घेऊन बातमी ओळखणारी म्हातारी... दार समोर नसायचंच, पण उंबरठा किती उंच आहे ते आम्हाला त्यांच्या गुडघ्यावरून कळायचं.

मी तेव्हा नवा व्हीआर कॅमेरा घेऊन मिरवत होतो. म्हटलं, मामा, हे त्याच बोळात करा, बघणाऱ्याला आपण बोळाच्या मधोमध उभं करू. या कॅमेऱ्याला पाठ नसते. चहूबाजूंचं एकदम दिसतं, त्यामुळे चित्रीकरण करणाऱ्यानं बटण दाबायचं आणि पळत जाऊन लपायचं. मामा खूष. "म्हणजे तू दिसणार नाहीस? मग अस्कं छानच होणार!"

पहिला भाग बोळात, कोपऱ्यापर्यंत. मग मी कॅमेरा उचलून कोपऱ्यावर नेणार आणि दुसरा भाग तिथून. मामांचा जीव त्या दुसऱ्या भागात. "बोळात अंग चोरून चालायचं, मापिळ्ळै. कोपरा वळला की वारा लागतो, देवळाचं शिखर दिसतं. पस्तीस वर्षं मी तिथे पिशवी उतरवून पाठ सरळ केली. ते घे. ते नाही घेतलंस तर बाकी अस्कं वाया."

मी बटण दाबलं आणि कॅमेऱ्यापासून दोन हातांवर एक सरपणाची खोली उघडी दिसली, तीत घुसलो. त्या घरच्या आजीबाई बाहेर आल्या, शेळ्या शिरू नयेत म्हणून सवयीनं बाहेरून कडी घातली आणि आत जाऊन टीव्हीवरच्या मालिकेसमोर बसल्या. मामांचा अभिनय रंगात आलेला, म्हणून मी आधी सभ्यपणे गप्प. मग खोकलो. मग दार बडवलं. मामांना ऐकू कमी, त्यातून ते पार कोपऱ्यावर पोचलेले. मालिका संपल्यावर कडी निघाली. बॅटरी मेलेली, ऊन उतरलेलं, माझ्या केसांत झावळ्यांचा कचरा. मामा कोपऱ्यावरच उभे. आणि मी काय सांगितलं? "आज प्रकाश ठीक नाही, मामा. पुढच्या खेपेला करू." वर आभाळाकडे बघून तज्ज्ञासारखी मानही हलवली.

पुढच्या खेपेपर्यंत मामांचं डावं अंग गेलं होतं. माडीवरची खोली, अरुंद जिना, एक खिडकी आणि तिच्यासमोर शेजाऱ्याची भिंत. मी त्यांच्या डोळ्यांवर डबा चढवला. उशीवर मान फिरवत ते बोळ बघत राहिले आणि शेवटाला एकदम हसायलाच लागले. डब्याचे स्पीकर कानाला चिकटलेले, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू आलं होतं. "अय्यो! दार बडवतोय तो कोण? तूच की रे!" मी कबूल केलं. ते इतके हसले की मामी धावत वर आल्या. मग हसू ओसरलं. "बरं. आता ने कोपऱ्यापलीकडे."

"पलीकडे नाही जाता येत, मामा. कॅमेरा एकाच जागी होता. यात मान फिरवता येते, पाऊल टाकता येत नाही."

"तेवढं मला इथेही येतं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच कोपऱ्यावर गेलो. वारा, शिखर, सगळं घेतलं... या खेपेला कुठेही न कोंडला जाता. मामांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "मी कुठाय?"

"तुम्ही नाही यात."

"मग पाठ कोण सरळ करणार? काढ हे. मला बोळात सोड परत. तिथे निदान चालतोय." तो डबा मी त्यांच्यापाशीच ठेवून आलो, पुण्यात स्वतःसाठी दुसरा घेतला. त्यानंतर रोज दुपारी मामी त्यांना बोळात सोडत.

तो डबा मामींनी परवा परत पाठवला. पट्टा मामांच्या मापाला आवळलेला आहे, माझ्या कानशिलांना रुततो. मी तो सैल केलेला नाही. आत मामा कोपऱ्यावर पोचतात, पण वळत नाहीत. मागे बघून हात करतात. "मापिळ्ळै, ये की! वारा सुटलाय!" माझ्या डाव्या हाताला दार धडधडत असतं. कडी बाहेरून आहे, इतकी जवळ की तिचा गंजही दिसतो. मी हात पुढे करतो आणि तो हॉलमधल्या हवेत फिरतो... मामा पिशवी खांद्यावरून उतरवत नाहीत. बॅटरी संपेपर्यंत तसेच थांबतात.