बसल्या उंचीची खिडकी

"लाव ना बे कटर! पंचांग पाहून राहिला काय?"

काकाजी मागून ओरडले. माझ्या हातात ग्राइंडर होता, डिस्क नवी होती, समोर ट्रेलरच्या पत्र्यावर खडूने आखलेली खिडकी होती. बटण दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि मी दाबत नव्हतो.

काकाजी म्हणजे आमचे मालक. अमरावतीच्या एमआयडीसीत त्यांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मी मूळचा रत्नागिरीकडचा. नववीत शाळा सुटली, चिपळूणला वेल्डिंगच्या दुकानात हेल्परी केली आणि एका ट्रक ड्रायव्हरच्या ओळखीने इतक्या लांब आलो. पहिल्या दिवशी इथलं बोलणं ऐकून वाटलं, सगळे आपल्यावर चिडलेत. चिडलेलं कुणीच नव्हतं. दुपारी काकाजींनी घरून दोन डबे मागवले, त्यातला एक माझा होता. तो डबा अजून येतो. माझी भीतीही अजून आहे, पण ती त्यांनी सांभाळून घेतली.

ट्रेलर होता गजाननभाऊंचा. चांदूर बाजारकडचं हे घर फुलं आणि भाजीपाला पिकवतं. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी बंद बॉडीचा जुना ट्रेलर आणला होता. त्याला एका बाजूने मोठी खिडकी पाडायची आणि खाण्याची गाडी करायची. भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वनिताताई, म्हणजे त्यांची बायको, करणार. कौंडण्यपूरच्या जत्रेत पहिल्यांदा गाडी लावायची, असं दोघांनी ठरवलं होतं. जत्रा जवळ आली होती, म्हणून दोघंही त्या दिवशी शेडमध्ये येऊन उभी होती.

मी थांबलो ते आवाजामुळे. कापण्याआधी पत्र्यावर बोटं आपटून बघायची मला सवय आहे. रिकामा पत्रा डब्यासारखा वाजतो. हा नुसता 'धप्प' करत होता, गादीवर हात मारावा तसा.

"काकाजी, आत काहीतरी भरलंय."

"भंगारवाला म्हणे, साधी बॉडी हाय."

"एक भोक मारून बघू?"

"मार बाप्पा. तुह्यं समाधान झाल्याबिगर तू काई हालत नाई."

खडूच्या चौकटीत मधोमध ड्रिलने भोक पाडलं. बिट बाहेर काढला तर त्याला पिवळा भुसा चिकटलेला. हा पफ. दोन पत्र्यांच्या मध्ये फोमसारखा भरतात, आतला माल थंड राहावा म्हणून. म्हणजे हा ट्रेलर पूर्वी दूध नाहीतर आइस्क्रीम वाहायचा. पफ थंडी धरतो, तसा जाळही धरतो. ग्राइंडर लोखंड कापताना ठिणग्यांचा फवारा उडवतो. एखादी ठिणगी आत जाऊन बसली की बाहेरून काही कळत नाही, आतल्या आत धुमसत राहतं.

काकाजींना पटेना. मी भुशाची चिमूट एका पत्र्याच्या तुकड्यावर घेतली, लांब अंगणात नेली आणि काडी लावली. काळा धूर आला आणि घशात अडकणारा वास. गजाननभाऊ दोन पावलं मागे सरकले. काकाजींनी ग्राइंडरची वायर बोर्डातून काढली. मग म्हणाले, "मंग कायनं कापतं?"

आता हत्यार ठरवायचं होतं. गॅस कटर सगळ्यात झटपट, पण तो ज्वाळेनेच कापतो. तो बाद. ग्राइंडर बाद. निबलर नावाचं एक मशीन असतं, ते उंदरासारखं पत्रा कुरतडत जातं, ठिणगी उडवत नाही. आमच्याकडे ते नव्हतं. अकोल्याच्या एका ओळखीच्या शेडमध्ये होतं, पण ते त्यांच्याच कामात अडकलेलं. उरला जिगसॉ. हातात धरायचं छोटं मशीन, त्याचं ब्लेड शिलाई मशीनच्या सुईसारखं वरखाली होतं.

"जिगसॉ?" काकाजी हसले. "सुतार हाय काय तू? प्लाय कापाचं हाय काय?"

"पत्र्याचं बारीक दातांचं ब्लेड मिळतं. हळू चालवायचं, तेलाचा थेंब सोडत."

"आन भिंतीची जाडी? तुह्यं ब्लेड बोटाएवढं."

प्रश्न बरोबर होता. लांब ब्लेडही मिळतं, दोन्ही पत्रे एकदम कापणारं. पण लांब ब्लेड आत लचकतं. बाहेर रेघ सरळ दिसते आणि आतल्या बाजूला वाकडी निघते. म्हणून मी म्हणालो, आधी चारही कोपऱ्यांना आरपार भोकं पाडू. म्हणजे बाहेरचे आणि आतले कोपरे एकमेकांसमोर येतील. मग बाहेरचा पत्रा बाहेरून कापू, आतला आतून, आणि मधला पफ हातकरवतीने. कोपऱ्याच्या भोकाचा आणखी एक फायदा असतो. चौकोनी कोपऱ्यातून पत्रा पुढे फाटत जातो, गोल कोपऱ्यातून फाटत नाही. मोठं भोक पाडायला होल सॉ असतो, दात असलेल्या कपासारखा.

काकाजींनी मान हलवली. मी पत्र्यावर कागदी टेप चिकटवली, रंगाला चरे पडू नयेत म्हणून. आता फक्त कुंकू लावायचं राहिलं होतं.

आमच्या शेडची ही रीत आहे. पहिला काप घेण्याआधी गिऱ्हाईकाने त्या जागी हळदकुंकू लावायचं. काकाजींच्या वडिलांपासून चालत आलेलं. गजाननभाऊ म्हणाले, "वनिता, तूच लाव. आतून लाव, गाडी तुही हाय."

त्या ट्रेलरमध्ये चढल्या. जरा वेळ झाला तरी आवाज नाही, म्हणून आम्हीही चढलो. आतल्या बाजूची खडूची चौकट गजाननभाऊंनीच आखली होती, उभं राहून, कमरेपासून वर. अमरावतीत रस्त्यावर पोरं उभ्याने नूडल्स परततात, ते बघून. वनिताताई खाली मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यांनी कुंकू लावलं होतं चौकटीच्या कितीतरी खाली.

"अवं, वर लाव, वर! खिडकी तिकडं हाय."

"मी बसून हावो ना," त्या म्हणाल्या. "हात पुरला तिथं लावलं."

"मंग उठून लाव."

"आज उठीन. जत्रंत दिवसभर उठून राहू काय? उभ्यानं भाकर थापता येते काय कोनाले? परातीवर जोर कसा देनार?"

"तू थाप ना बसून. मी उभा रायतो खिडकीत."

वनिताताईंनी वर चौकटीकडे पाहिलं. "मले इथून तं अभायच दिसन. गिराईक दिसलं नाई तं मी बोलू कोनासंग?"

"मी बोलीन ना."

"तुमी? बाजारात कोनं मेथीचा भाव इचारला तं तुमी माह्या तोंडाकडं पायता!"

काकाजी खो खो हसले. गजाननभाऊही हसले, पण ओशाळून. वनिताताई मात्र हसल्या नाहीत. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात त्या इतकी वर्षं पोतं अंथरून बसत आल्या होत्या. त्यांचं गिऱ्हाईक भाजीइतकंच त्यांच्या बोलण्यासाठी थांबायचं. आता स्वतःची गाडी होणार, आणि त्या गाडीत त्या पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून भाकरी थापणार. हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. पण खिडकीचं शटर तयार झालं होतं, मार्किंग झालं होतं, आणि तीन पुरुष उभे होते. त्या पदर सावरून उठायला लागल्या. "जाऊ द्या. लावतो वर."

माझी आई गावच्या बाजारात सुकट विकते. बसूनच. तिच्याशी बोलायला गिऱ्हाईक वाकतं. ते आठवलं आणि मी न घाबरता बोललो. म्हणजे घाबरलो, पण बोललो.

"ताई, उठू नका. जरा मागच्या दाराशी येऊन बसता का?"

ट्रेलरचा मागचा दरवाजा उघडाच होता. त्या सरकत दारापाशी येऊन बसल्या. मी उडी मारून खाली उतरलो आणि समोर उभा राहिलो. ट्रेलरची जमीन माझ्या कमरेच्या वर येते. त्या बसलेल्या आणि मी उभा, तरी दोघांचे डोळे एका पातळीवर आले.

"दोन भाकरी द्या," मी म्हणालो.

"ठेचा संगं देऊ काय, भाऊ?" त्या पटकन म्हणाल्या आणि मग एकदम हसल्या.

काकाजींनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग गजाननभाऊंना विचारलं, "काय म्हनता?"

गजाननभाऊंनी खिशातला रुमाल काढला आणि आतली खडूची चौकट स्वतःच पुसली.

नवी चौकट ट्रेलरच्या जमिनीपासून वीतभर वर आखली. तेवढी पट्टी ठेवावी लागते, नाहीतर बॉडीचा जोर जातो. शटर तेच बसलं, फक्त खाली आलं. मी आधी पाडलेलं तपासणीचं भोक खिडकीच्या वर उघडं राहिलं. त्यातून पुढे बल्बची वायर नेली.

मग कोपरे, मग जिगसॉ. हळू काम. काकाजी स्वतः तेलाची पिचकारी घेऊन माझ्या ब्लेडबरोबर चालत होते आणि मध्येच म्हणत होते, "आरामानं, कोकण्या, आरामानं." दोन ब्लेडं मोडली. वाकडं काही गेलं नाही. पाण्याची बादली शेजारी ठेवली होती, ती लागली नाही. शेवटचा तुकडा आम्ही दोघांनी अलगद बाहेर ओढला तेव्हा आतली गरम हवा अंगावर आली आणि वनिताताईंनी बसल्या जागेवरून हात बाहेर काढला.

"थांबा ताई, धार आहे!" मी ओरडलोच. हात कापण्याआधी त्यांनी मागे घेतला. त्या दिवशी कडेला पट्टी आणि रबर बसवल्याशिवाय मी घरी गेलो नाही.

जत्रेला काकाजी आणि मी मोटरसायकलवर गेलो. गाडीभोवती दाटी होती. वनिताताई खिडकीत बसून भाकरी थापत होत्या, एकाला पैसे परत देत होत्या आणि तिसऱ्याच बाईला तिच्या सुनेबद्दल विचारत होत्या. गजाननभाऊ बाहेर पाण्याचे ग्लास भरत होते, सुखात. आम्ही दिसलो तशी वनिताताईंची हाक आली, "भाऊ, उभे कावून? पयले जेवा, मंग जत्रा पाहा."

मी मान वर न करता, न वाकता, समोरासमोर उभा राहून जेवलो. रात्री आईला फोन करून ते सांगितलं. ती म्हणाली, गाडी राहू दे, तू जेवलास ना पोटभर?

नव्या पोरांना मी आता एवढंच सांगतो. कोणतं हत्यार लावायचं, ते पत्रा वाजवला की पत्रा सांगतो. भोक कुठं पाडायचं, ते आत बसणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. तो माणूस बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही.