रोट विचारणाऱ्या अक्का

अक्का नव्या माणसाला नाव विचारत नसत. आधी गाव विचारत आणि लगेच पुढचा प्रश्न, "तुमचा रोट कोण कोण खातं हो?" मग तो दूधवाला असो, कोर्टात तारखेला आलेला शेतकरी असो, की पांझरा नदीवर धुणं धुणारी बाई असो. माणूस आधी गोंधळायचा. "आमचा म्हणजे, आमचे भाऊबंद खातात की." "कोणते भाऊबंद? नावं सांगा ना. दुसऱ्या गावाला पण आहेत का कुणी?" करता करता तो खाली बसायचा आणि पणज्यापर्यंतची भाऊबंदकी, तिच्यातल्या भांडणांसकट, सांगून मोकळा व्हायचा.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, तिला साडी, तिची गाणी. तिच्या नैवेद्याचा जो रोट, म्हणजे जाड पोळी, असतो ना, तो फक्त एका कुळातल्यांनी खायचा. घरात आलेली सून खाते, लग्न होऊन गेलेली लेक खात नाही. पाहुणा कितीही मोठा असू द्या, त्याच्या ताटात रोट पडायचा नाही. चुकून परक्यानं खाल्ला तर घराला दोष लागतो. हे आम्ही कळत्या वयापासून बघत आलो, त्यामुळे यात विचारण्यासारखं काही असेल असं आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. अक्कांच्या आलं.

मी लग्न होऊन धुळ्यात देवपूरला आले तेव्हा त्या आमच्या शेजारी, त्यांच्या भावाकडे राहत. भाऊसाहेब कचेरीत कारकून. अक्का मुलींच्या शाळेत शिकवायच्या. फार लहानपणी विधवा झालेल्या. वडील धीराचे म्हणून पुण्याला ठेवून त्यांना बी.ए. केलं होतं. पांढरी सुती साडी, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की ओट्यावरून बोलल्या तर गल्लीच्या तोंडाला ऐकू यावं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्या वाचायच्या तेव्हा मी गहू निवडत बसायची आणि उलट्या बाजूनं अक्षरं ओळखायची. पुढं कितीतरी दिवस मला पुस्तक उलटं धरलं तरच वाचता यायचं. हे बघून त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा सुपात पडला.

तर या अक्कांच्या मनानं घेतलं होतं, मुंबईला जाऊन पुढचं शिकायचं. विषय मानववंशशास्त्र. माझ्या सासूला आम्ही जिजी म्हणायचो. जिजींनी विचारलं, "ते काय शे?" अक्का म्हणाल्या, "माणसं कशी राहतात, कुणाला आपलं म्हणतात, त्याचं शास्त्र." जिजी जात्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. "त्याना करता मुंबईले जानं पडस? आठे काय मानसं नही शेत?" अक्का म्हणाल्या, "आहेत म्हणूनच तर जायचं आहे जिजी. यांच्याबद्दल कसं विचारायचं ते शिकून परत इथेच येणार."

पण नुसता अर्ज करून भागत नव्हतं. विद्यापीठाचा अर्ज भरायचा तर आधी एखाद्या प्राध्यापकानं 'हिला मी शिकवीन' असं म्हणायला हवं. म्हणजे अनोळखी, मोठ्या, विद्वान माणसाला पत्र लिहून विचारायचं. जिजींना हे लगेच समजलं. "हाई ते सोयरीकच व्हयनी! पोरगा आपुनच पाह्यना नि आपुनच कागद धाडना." अक्कांना ती उपमा फार आवडली. तेव्हापासून त्या प्रत्येक प्राध्यापकाला 'स्थळ' म्हणत. "मुंबईचं स्थळ बघते आहे. कलकत्त्याचं पण एक ऐकलंय, पण लांब पडेल."

पहिलं पत्र त्यांनी आपल्याकडच्या रीतीनं लिहिलं. साष्टांग नमस्कार, वडिलांचं नाव, सासरचं घराणं, आपल्या घरची मंडळी खुशाल असतील, आणि अगदी शेवटच्या ओळीत, आपल्या हाताखाली शिकायची इच्छा आहे. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी माणसांना विचारून जमवलेल्या रोटांच्या माहितीचं सगळं बाड बांधून पाठवून दिलं. ते तसंच परत आलं. वर दोन ओळी होत्या, तुम्हाला नेमकं काय विचारायचं आहे ते समजलं नाही. लढाईचे दिवस, कागद मिळेना, पुड्यांच्या कागदाची कोरी बाजू वापरून लिहिलेलं ते बाड. मला रडू आलं. अक्का म्हणाल्या, "रडतेस काय? खरंच सांगितलं त्यांनी. मलाच कुठं समजलंय?"

गावात बोलणं सुरू झालंच होतं. आमच्या समोरची चिंधाबाई पाण्याला जाताना मोठ्यानं म्हणाली, "इधवा बाई, नि परक्या मानसेस्ले कागद लिखस! काय जमाना ऊना व माय." भाऊसाहेबांच्याही कानावर गेलं. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी पोस्टमननं एक पाकीट आणलं. अक्कांनी ते घरात नेलं नाही. ओट्यावर उभ्या राहिल्या, "चिंधाबाई, या हो, मुंबईचं पत्र आलंय," म्हणून हाक मारली, चार बायका गोळा केल्या आणि सगळ्यांसमोर फोडून, इंग्रजीतलं मराठी करून, मोठ्यानं वाचलं. नकारच होता. यंदा जागा नाही. वाचून झाल्यावर चिंधाबाईच चुकचुकली, "अरे देवा. मंग आते?" त्यानंतर प्रत्येक पत्र ओट्यावरच फुटायचं, आणि पोस्टमन दिसला की चिंधाबाईच आधी विचारायची, "मास्तरीनबाईनं स्थळ ऊनं का?" मी आजपर्यंत बरीच धीट माणसं पाहिली. पण नकार असा चारचौघांत वाचून दाखवणारं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

भाऊसाहेब वाईट नव्हते. पण त्यांचंही खरं होतं. जामनेरच्या मुलींच्या शाळेत अक्कांना मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती. "अक्का, संक्रांतीनंतर त्यांना कळवायचंय. तोवर तुझ्या एका तरी प्राध्यापकानं हो म्हटलं तर खुशाल जा, मी आड येणार नाही. नाहीतर जामनेर, आणि मग हा विषय बंद." अक्का म्हणाल्या, "बंद." एकदा बोलल्या की बोलल्या.

मग त्यांनी वेगळंच केलं. पत्र लिहिणंच थांबवलं. दर रविवारी वाचनालयात जाऊन बसायच्या. मुंबईचे एक प्राध्यापक होते, बोरसे म्हणून, त्यांनी मराठ्यांच्या कुळांवर लिहिलेलं सगळं त्यांनी शोधून वाचलं. जिजी म्हणाल्या, "आते कागद का लिखस नही?" तर म्हणाल्या, "कुणाच्या दारात उभं राहायचं तर त्या घरात काय शिजतंय ते माहीत हवं ना जिजी." मग एक पानाचं पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात वडिलांचं नाव नव्हतं, सासरचं नव्हतं. एवढंच होतं, की आपण आडनावावरून कूळ ओळखता. आमच्याकडे काही ठिकाणी आडनाव एक आहे पण रोट वेगळा आहे. अशा लोकांना एकमेकांचे काय म्हणावं? मला हे शोधायचं आहे. आपण विद्यार्थी घेता का?

उत्तर आलं. ते म्हणे श्रावणात धुळ्याला व्याख्यानाला येणार होते, तेव्हा भेटतील. चिंधाबाईनं आनंदानं हातातली कळशीच खाली ठेवली. "पाव्हना पोर देखाले यी राहिना!"

ते आले तो नेमका आमच्या कानबाईचा रविवार. अक्का त्यांना आमच्याच घरी घेऊन आल्या, कानबाई दाखवायला. उंच, गोरटेले, कोट घातलेले, बोलायला मऊ. अक्का आमच्या यजमानांशी बोलत पडवीत थांबल्या आणि जिजींनी पाहुण्यांना आत पाटावर बसवलं. जिजींनी विचारलं, "भाऊ, आडनाव काय?" "बोरसे." जिजींचा चेहरा असा उजळला! कारण आम्हीही बोरसेच. "गाव?" "मूळ पारोळ्याकडचे म्हणतात. आजोबा मुंबईला गेले. मी कधी पाहिलं नाही." जिजी म्हणाल्या, "अरे भाऊ, तू ते आपला शे! इतला दिन कोठे व्हता?" आणि देवीपुढचा रोट उचलून त्यांच्या ताटात वाढला.

त्या माणसाचं तोंड मी विसरणार नाही. आम्ही जन्मभर ज्यांच्यात राहिलो त्यांच्यात ते कधी राहिलेच नव्हते. नुसतं त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. आणि आज एक म्हातारी बाई त्यांना 'आपला' म्हणत होती. डोळे भरून आले त्यांचे. त्यांनी रोटाचा तुकडा मोडला.

तेवढ्यात अक्का आत आल्या. पडवीतून त्यांना पारोळ्याचं नाव ऐकू आलं होतं. मग सरळ पुढं आल्या, वाकल्या, आणि त्यांच्यापुढचं ताट उचललं.

"नका खाऊ," म्हणाल्या. "जिजी, पारोळ्याकडे बोरश्यांची दोन घराणी आहेत. एक तुमच्या रोटातलं, एक नाही. देवक जुळलं तरच रोट एक. यांचं देवक विचारलंत?" जिजींचा हात छातीवर गेला. प्राध्यापकांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "देवक मला माहीत नाही," ते म्हणाले, "वडील लवकर गेले. पण बाई, यांनी स्वतःच्या हातानं वाढलंय मला." अक्कांचा आवाज नेहमीचा मोठा नव्हता. "त्यांनी मायेनं वाढलंय. पण तुम्ही तिथले नसलात तर उद्या या घरात कुणी आजारी पडलं तरी या बाई स्वतःला दोष देतील. तुम्ही मुंबईला असाल. कळेपर्यंत नको."

ज्या माणसाच्या एका शब्दावर हिचं सगळं अवलंबून, त्याच्याच हातचा घास हिनं काढला. प्राध्यापकांनी तुकडा ताटात ठेवला. मी दुसरं ताट वाढलं, भाकरी आणि गिलक्याची भाजी. ते जेवले, नमस्कार केला, गेले. ना हो म्हणाले, ना नाही.

त्या दिवसापासून सगळ्यांनी अक्कांना बोलून घेतलं. भाऊसाहेब म्हणाले, "अगं, गिळला असता एक तुकडा तर काय आकाश कोसळणार होतं?" चिंधाबाई म्हणाली, "आपलाच हातवरी मांडव मोडी टाका बाईनी." फक्त जिजी काही म्हणाल्या नाहीत. मी एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, माफीचं पत्र तरी लिहा." तर म्हणाल्या, "माफी कशाची गं? त्यांचंच घर असेल तर रोट पुढच्या श्रावणातही आहे. नसेल तर?" पण मी त्यांना पाहत होते ना. पोस्टमन गल्लीत शिरला की त्या ओट्यावर पोरींची शिकवणी घेता घेता थांबायच्या. पोरी पाढे म्हणत राहायच्या आणि अक्का दाराकडे बघायच्या.

दिवाळी गेली. संक्रांत आली. अक्कांनी जामनेरला जायची ट्रंक भरायला घेतली. मीच घड्या करून देत होते. त्यात तो रोटाच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी घातला नाही, बाजूला ठेवला.

आणि मग पाकीट आलं. अक्का बाहेर आल्या, ओट्यावर उभ्या राहिल्या. चिंधाबाई, जिजी, मी, सगळ्या. भाऊसाहेबसुद्धा कचेरीला निघता निघता थांबले. अक्कांनी वाचलं. एवढंच होतं: "मी पारोळ्याला जाऊन आलो. आमचं देवक वेगळं निघालं. अर्जात मार्गदर्शक म्हणून माझं नाव घालावं. जूनमध्ये या."

जिजींनी आधी कानबाईला हात जोडले. "वाचनूत माय!" मग म्हणाल्या, "बरा मानूस शे. इचारी ऊना."

जूनमध्ये टांगा दारात आला. ट्रंक चढली. भाऊसाहेब उगीचच टांगेवाल्यावर ओरडत होते. अक्का जिजींच्या पाया पडायला आल्या तर जिजी आतून सूप घेऊन आल्या. सुपात तांदूळ, नारळ, खण. अक्का दोन पावलं मागं सरल्या. "जिजी, माझी नाही भरत ओटी." जिजी म्हणाल्या, "पदर पुढे कर." चिंधाबाईला राहवेना. "अव माय, इधवानी ओटी? आशी रीत कोठे शे?"

जिजींनी सुपावरून मान वर केली. "सासरले जानारीनी रीत माले माहीत शे. शिकाले जानारीनी काय रीत शे, सांग?"

"नही शे."

"मंग आज पडनी."

अक्कांनी पदर पुढं केला. जिजींनी ओंजळी भरभरून तांदूळ घातले, काही दाणे पायरीवर सांडले. टांगा वळला. जिजी ते दाणे वेचत खाली बसल्या.

अक्का पुढं शिकल्या, सातपुड्यापर्यंत पायी हिंडल्या, पुष्कळ लिहिलं. देवपूरला मात्र क्वचित येणं व्हायचं. मग एके वर्षी त्या गेल्याची नुसती बातमीच आली. मी त्यांचं पुस्तक आता सुलट धरून वाचते, सावकाश.

आमच्या घरातली कोणतीही मुलगी शिकायला बाहेरगावी निघाली की तिची ओटी भरतात. जिजींपासून चालत आलंय. परवा माझी नात पुण्याला निघाली. मी सूप घेऊन आले तर म्हणते, "आजी, ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे ना गं?" मी म्हटलं, "जुनीच. पदर पुढे कर." तिला पदर कुठला! तिनं ओढणी पुढं केली.