जावेची ताठ पाठ

सुगंधाबाईच्या डोळ्यांत खुपायची ती धाकट्या जावेची पाठ. रुखमा वयानं काही फार लहान नव्हती, पण काय चालायची बया! डोक्यावर धानाच्या रोपांचा भारा घेऊन बांधावरून ताठ जायची. आणि सुगंधाबाई साठीच्या आतच कमरेत वाकली होती. सावली या तालुक्याच्या गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, रोपांची पहिली पेंडी घरच्या थोरल्या सुनेनं लावायची रीत. मागच्या साली पेंडी लावायला ती वाकली खरी, पण मग उठताच येईना. बायांनी धरून चिखलातून बाहेर काढली. तेव्हापासून गावात कुजबुज, की यंदा मान रुखमाला द्या. ऐकून तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात रुखमाचा मुलगा बिरजू माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो आईसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली घेऊन आला. यानं हाडं मजबूत राहतात, असं चारचौघांत सांगून गेला. झालं! सुगंधाबाईला वाटलं, चोर सापडला. आधीपासूनच खात असेल सटवी लपूनछपून, म्हणून एवढा तोरा.

रुखमा पाण्याला गेली की ही तिच्या फळीवरची बाटली काढायची आणि मूठभर गोळ्या कडाकडा चावून खायची. रोवणा तोंडावर आलेला, एकेक गोळी खात कोण बसतं? पाठ तसूभर सरळ झाली नाही. पोटानं मात्र असा दगा दिला, की कळवळत बैलगाडीतून सावलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. सोबत कोण, तर रुखमाच.

डॉक्टरनं खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. तो म्हणाला, "गोळ्या वाईट नाहीत, पण सांगितल्या तेवढ्याच घ्यायच्या. वाकलेली पाठ त्यानं सरळ होत नाही. हाडं तरुणपणी भरतात, मग जन्मभर जपावी लागतात. तरुणपणी खाणंपिणं कसं होतं, बाई?"

सुगंधाबाई तोंड उघडायच्या आत रुखमाच बोलली, "तिले काय विचारता, साहेब? वाढायचं काम तिच्याकडं होतं. मी पोटुशी होतो तवा बोडीच्या पाण्यातल्या बारीक मासोळ्या सासूच्या चोरून माह्या ताटात घालायची, काट्यासकट खाय म्हणे. दूधबी मलेच. तिच्या वाट्याले भात आन् रस्सा. आन् त्या बाटलीतली गोळी मी एकबी खाल्ली नाई."

सुगंधाबाईचा जीव आणखीच जळाला. जावेला ती ताठ पाठ दुसऱ्या कोणी दिली असती, तर त्याला मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

रोवण्याच्या दिवशी बाया बांधावर जमल्या. रुखमानं पेंडी तिच्यापुढं धरली. "घे बाई, मान तुहा हाय. मी धरून ठेवतो तुले."

सुगंधाबाईनं त्या ताठ पाठीकडं जळजळीत नजरेनं पाहिलं आणि पेंडी परत तिच्या हातात कोंबली.

"तूच लाव. हाडं माहीच हायेत ती."