आमच्या कोठ्यातल्या परीक्षा

त्या सालांत वऱ्हाडात जो तो काही ना काही साठवत होता. साता समुद्रांपलीकडं कुठं तरी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. कोणी चांदी साठवली, कोणी बैल. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, मग आम्हा बायकांच्या गळ्याकडं लोकांचं लक्ष गेलं! माझ्यापाशी साठले ते किस्से. मी नवी सून. आमच्या बैलांच्या कोठ्यात सरकारी शाळा भरायची आणि माझं जातं त्याच कोठ्याच्या भिंतीला लागून. एका कानात जात्याची घरघर, दुसऱ्या कानात पाढे. मला अक्षर एक येत नाही, पण तिथं कोण काय बोललं ते आजही दाणा न सांडता सांगेन.

त्यातले बरेच किस्से एका शिकाऊ मास्तरांचे. अकोल्याला मास्तर तयार करायची शाळा निघाली होती. तिथून त्यांना आमच्या गावी, दर्यापूरच्या अलीकडं, पाठवलं. काम एकच, पोरांची परीक्षा कशी घ्यावी ते शिकायचं. ते जमलं की सनद मिळणार. त्यांना सनद मिळाली नाही. का मिळाली नाही ते मी कोणाला समजावत बसत नाही. किस्से सांगते.

*

मास्तर आले ते अमरावतीला निघालेल्या कापसाच्या गाडीवर बसून. दोन दिवस कापसावर लोळत आलेले. डोकं पांढरं, भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी. माझ्या सासूबाईंनी ओसरीवरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "इतक्या म्हाताऱ्याले काहून पाठवलं व? हा तं पोट्टे मोजता मोजताच जाईन."

मास्तरांनी आडावर तोंड धुतलं. खाली मिसरूड फुटलेला पोरगा निघाला.

सासूबाईंनी पुन्हा एकदा पाहिलं. "हा तं अजून परीक्षा द्यायच्या वयाचा हाये."

*

आमच्या शाळेत आधीपासून एक म्हातारे पंतोजी होते. सरकारी शाळा निघायच्या आधी ते मारुतीच्या पारावर शिकवायचे. परीक्षा घ्यायला शिकायला कोणी अकोल्याहून येतं, याचंच त्यांना हसू आलं.

"त्यात काय शिकायचं, मास्तर? पोट्ट्याले उभं करा. इचारा. आलं तं म्हणा 'बस'. नाई आलं तं राहू द्या उभा."

हीच आमच्या शाळेची रीत होती. ज्याला 'बस' म्हटलं तो पास. बाकीचे शाळा सुटेपर्यंत उभे. संध्याकाळी गुरं घरी यायची तेव्हा कोठ्यात कोण उभं आहे हे सगळ्या गावाला दिसायचं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी साऱ्या पोरांना एकदम उभं केलं आणि दिडकी म्हणायला लावली. एक दीड दीड, बे दीड तीन! कोठा असा दणाणला की माझं जातं मला ऐकू येईना. मास्तर खूश झाले. साऱ्यांना म्हणाले, "बसा."

पंतोजी कोपऱ्यातल्या पोराकडं बोट दाखवून म्हणाले, "त्याले एकट्याले म्हणू द्या."

पोरगा उठला. गप्प. मास्तरांनी गोडीनं विचारलं, "अरे, आता तर म्हणत होतास?"

"मी तं बैल बांधाले आल्तो. सारेच तोंड हालवत होते, म्या बी हालवलं."

*

कार्तिकात वेचणी लागली आणि माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, त्यांनी कोठ्यात कापूस भरायला काढला. बैल बाहेर गेले, शाळा मात्र राहिली. एका अंगाला छतापर्यंत कापूस, त्याच्या पायथ्याशी पोरं. ज्याला 'बस' म्हटलं तो कापसात बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. पहाटेपासून वेचून आलेली पोरं ती. मजुरी इतकी वाढली होती की घरचं पोर शाळेत बसवणं म्हणजे लोकांना उधळपट्टी वाटे.

एक दिवस मास्तरांनी पाटीवर अक्षरं काढायला लावली. एका पोराची पाटी उचलून ते म्हणाले, "हे अक्षर की काय? याला मी पास करू शकत नाही."

पंतोजी जवळ आले. पाटी पाहिलीच नाही. पोराला म्हणाले, "हात दाखव."

पोरानं हात उलटा करून दाखवला. बोंडाच्या काट्यांनी बोटं नखांपाशी फाटलेली, लेखणी धरायला कातडी उरलेली नाही.

"आता याले नंबर द्या, मास्तर."

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत असं आमचा गडी सांगत होता. तसंही त्यांच्याकडं जेवायला फार नव्हतंच, ते पुढं येतं.

*

साऱ्या शिवारात कापूस. ज्वारी फारशी कोणी पेरलीच नाही. चांदी घरोघर होती, पण दळायला दाणा नाही! मास्तर जातीनं ब्राह्मण, आपला स्वयंपाक आपण करायचे. शिधा आमच्या घरून जायचा. तो दर आठवड्याला कमी कमी होत गेला. सासूबाईंचा हात आखडता झाला, मी काय बोलणार.

अशात एक शेतकरी ज्वारीचं पोतं घेऊन कोठ्याच्या दारात आला. म्हणाला, माझ्या पोराला पहिला नंबर पाहिजे. मास्तर म्हणाले, तसं चालत नाही.

"काहून नाई चालत? अमरावतीले दलाल माह्या कापसात मुठ घालते आन् भाव लावते. तुमी बी घाला मुठ."

मास्तरांनी पोतं परत पाठवलं. गावात त्यांचं नाव झालं. सासूबाई मात्र भिंतीआडून बोलल्या, "पुढच्या खेपेले नाई म्हणाच्या आधी मले इचारत जा, मास्तर. इमान तुमचं, पन् शिधा माह्या कोठीतून जाते."

*

आता किसना. आमच्या वाटेकऱ्याचा पोरगा, दहाएक वर्षांचा. साऱ्या शाळेत त्याच्याइतकं उभं कोणी राहिलं नसेल. बापानं त्याचं नाव गोटा ठेवलं होतं, कितीही पाणी टाका, आत शिरत नाही म्हणून. बापाची कापसाची गाडी होती, अमरावतीच्या खेपा करायचा, त्याला जोडीला माणूस पाहिजे होतं. रोज म्हणायचा, "पोट्टं गाडीवर घेतो. बैलाले उत्तर लागत नाई."

किसनाची माय तुळसा. ती माझ्यासोबत वेचायला यायची. तिनं नवऱ्याशी भांडून एक कबूल करून घेतलं होतं. सरकारी परीक्षेला शाळा तपासणारे डिपुटी साहेब येतील, त्यांच्यासमोर किसना बसला तर शाळा. उभा राहिला तर गाडी. शेतात ती मला विचारायची, "सूनबाई, तू आयकतं ना भिंतीतून? आज बसला का व माहा किसना?"

मी काय सांगणार. मी म्हणायची, जातं चालू होतं, ऐकू आलं नाही.

एक दिवस मास्तरांनी त्याला विचारलं, "सात दीड किती?" किसना उभा. मास्तर पुढच्या पोराकडं गेले. शाळा सुटली, किसना घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर नदीवर आंघोळ करत होते. आमचा गडी तिथंच बैल धूत होता, त्यानं सांगितलं. किसना काठावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साडेदहा."

मास्तरांना काही कळेना. "कशाचे रे?"

"काल तुमी इचारलं होतं ना."

मास्तर तसेच ओलेते बाहेर आले. म्हणाले, कोणाला विचारलंस? म्हणाला, कोणालेच नाई. मग काल का नाही सांगितलंस?

किसना म्हणाला, "तुमी थांबलेच नाई."

*

तेव्हापासून मास्तर थांबायला लागले. किसनाला विचारायचं आणि उभं राहायचं. मी भिंतीपलीकडून ऐकायची. काहीच ऐकू यायचं नाही. नुसती शांतता, मग बऱ्याच वेळानं किसनाचा आवाज. कधी बरोबर, कधी चूक. बरोबर आलं की मास्तर म्हणायचे, "बस." मोठ्यानं नाही. पण मला ऐकू यायचं, कारण मीही जातं थांबवलेलं असायचं. सासूबाई आतून ओरडायच्या, पीठ काय आपोआप पडते का!

पंतोजींना हा प्रकार पटला नाही. एक दिवस बोलून गेले, "मास्तर, परीक्षा घेऊन राह्यले का सुतक पाळून राह्यले?"

पोरं हसली. किसनाही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

माघात डिपुटी साहेब आले. घोड्यावरून उतरले ते घाईतच. त्यांचं काम दुहेरी. पोरांची परीक्षा मास्तरांनी घ्यायची, आणि मास्तर ती कशी घेतात ते साहेबांनी पाहायचं. किसनाची पाळी आली. मास्तरांनी विचारलं आणि थांबले. साहेब म्हणाले, "पुढचा." मास्तर म्हणाले, साहेब, याला थोडा वेळ लागतो. साहेब म्हणाले, वेळ सगळ्यांनाच लागतो, सरकारकडं तो नाही. पुढचा.

किसना उभा राहिला.

निघताना साहेब मास्तरांना बोलले की तुमची सनद आज देता येत नाही, पोरांमागं रेंगाळण्याची खोड मोडा. पुढच्या खेपेला पुन्हा पाहू. उभ्या राहिलेल्यांनाही तेव्हाच विचारू.

हे ऐकून तुळसा नवऱ्याशी पुन्हा भांडली. परीक्षा संपली नाही, राहिली आहे, म्हणाली. बाप म्हणाला, ठीक आहे, साहेब पुन्हा येईपर्यंत. तिनं शेरभर गूळ वाटला, पोरगा पास झाल्यासारखा.

*

हजेरी घेण्याचं कामही मास्तरांकडंच होतं. नाव पुकारायचं, पोर नसेल तर शेजारचं पोर कारण सांगायचं. कार्तिकापासून एकच कारण, "वेचाले गेला." फाल्गुनात वेचणी संपली, तेव्हा "मामाच्या गावाले गेला."

चैत्रात नव्या रेल्वेच्या कामावरून पटकीची मरी आली. आधी गाडीवाल्यांच्या वस्तीत, मग आमच्या आळीत. शाळेत निम्मी पोरं उरली. मास्तर नाव पुकारायचे आणि शेजारचं पोर सांगायचं, "गेला."

कुठं, ते मास्तर विचारायचे नाहीत.

किसना सकाळी दिडकी घोकत शेळ्या घेऊन गेला होता. दुपारी त्याला उचलून आणलं. दिवा लावायच्या वेळेला संपलं. बाप अमरावतीला होता, गाडी घेऊन.

*

वैशाखात मरी ओसरली आणि डिपुटी साहेब पुन्हा आले. कोठा रिकामा होता. कापूस विकला गेला होता, बैल शेतात होते. उरलेली पोरं ओळीनं उभी. मी भिंतीपलीकडं पापडाचे उडीद दळत होते. त्या भिंतीत छपराच्या कवेलूंखाली एक भोक होतं, पाट्यावर चढलं की कोठा दिसायचा. त्या दिवशी मी चढले.

परीक्षा सुरू व्हायच्या वेळेला तुळसा आली. डोक्यावरून पदर घेतलेला. कोणाकडं न बघता सरळ आत गेली आणि मधल्या खांबापाशी, जिथं किसना उभा राहायचा, तिथं उभी राहिली.

सगळे चपापले. शाळेत बाई! पंतोजी पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुळसे, इथं तुहं काय काम हाये, माय?"

"किसनाची परीक्षा राह्यली हाये."

साहेबांनी हे कोण म्हणून विचारलं. पंतोजींनी त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांनी मान हलवली, तिला राहू द्या म्हणाले, आणि मास्तरांना म्हणाले, सुरू करा, आज रेंगाळू नका, तुमच्यासाठी ही शेवटची खेप आहे.

मास्तरांनी सुरू केलं. भराभर. विचारलं, उत्तर आलं, बस. विचारलं, नाही आलं, पुढचा. साहेबांनी दोनदा मान डोलावली. पंतोजींच्या तोंडावर समाधान दिसलं, मास्तर एकदाचे शिकले म्हणून.

ओळ खांबापाशी आली.

साहेब म्हणाले, "पुढचा."

मास्तर पुढं गेले नाहीत. खांबासमोर उभे राहिले. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "किसना, सात दीड किती?"

आणि थांबले.

माझं जातं बंद होतं. सासूबाई आतून ओरडल्या नाहीत. बाहेर कोणाची तरी गाडी गेली, तिचा आवाज पार नदीपर्यंत जाऊन विरला, तरी मास्तर थांबलेलेच. साहेबांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पंतोजी जमिनीकडं बघत होते. पोरं हलली नाहीत. तुळसा खांबाला हात न लावता ताठ उभी होती, मास्तरांच्या तोंडाकडं बघत. मी पाट्यावरून उतरले नाही.

किसनाला जितका वेळ लागायचा तितका गेला असेल. त्याहून जास्तही गेला असेल.

मग मास्तर म्हणाले, "बस."

तुळसा खाली बसली.