देवाला सांगितलेला कोंबडा

समस्त वाचकांनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, जमल्यास उभं राहावं आणि ऐकावं: वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत एका कोंबड्यानं अंडं घातलं.

हसू नका. त्या सकाळी आमच्या घरात कुणीच हसलं नव्हतं.

सत्तर साल उजाडायला थोडं बाकी होतं. मी घाटावरची, लग्न होऊन नुकतीच या चाळीत आलेली. सासूबाई मालवणकडच्या. खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला त्यांच्या सात-आठ कोंबड्या असत, आणि पिल्लू नर की मादी हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं पार हमरस्त्यापर्यंत कुणी नव्हतं. आजूबाजूच्या बायका पदरात पिल्लं घेऊन यायच्या. सासूबाई आधी हात धुवायच्या, पदर खोचायच्या, मग पिल्लाला मानेच्या कातडीला धरून अलगद उचलायच्या. सगळ्या पुढे वाकत. पिल्लानं पाय पोटाशी घेतले तर तलंग, म्हणजे मादी. पाय खाली सोडून लोंबकळलं तर कोंबो. निकाल लागला की लागला. त्यावर अपील नसे.

त्या श्रावणात गिरणीत काम करणाऱ्या माझ्या सासऱ्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पेजही ठरेना. एक दिवस इस्पितळातल्या डॉक्टरांनी "घरी घेऊन जा" एवढंच सांगितलं. का, ते आम्ही विचारलं नाही.

तिन्हीसांजेला सासूबाईंनी नुकत्या अंड्यातून निघालेल्या पिल्लांतलं एक तांबूस पिल्लू उचललं. त्याचे पाय खाली लोंबले. गावाच्या दिशेला तोंड करून त्यांनी राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातलं.

"बा म्हाराजा, माज्या घोवाक खाटेवरना उठव. शिमग्याक हो कोंबो तुज्या पायाशी आणून घालतंय."

अशा गाऱ्हाण्याला गावात पुरुषमंडळी एका सुरात होकार देतात. इथे कोण होतं? माझा नवरा कामावर गेलेला. सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मी पडेल आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा." साक्षीदार म्हणून मी अशी अडकले.

एकदा देवाला सांगितलेलं पाखरू पुन्हा तपासायचं नाही, असा त्यांच्याकडचा दंडक. तपासणं म्हणजे देवाशी घासाघीस.

सासऱ्यांची खाट दाराशी होती. ते पिल्लू दिवसभर खाटेखाली असायचं, त्यांच्या बोटावरची पेजेची शितं टिपायचं. आधी ते नुसते पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत. गणपतीत उशाला टेकून बसू लागले. दसऱ्याला स्वतःच्या हातानं जेवले. दिवाळीनंतर एका सकाळी काठी टेकत नळापर्यंत गेले, आणि बादल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका बाजूला झाल्या.

इकडे कोंबड्याला मात्र तुरा फुटेना. त्याच्या सोबतच्या भावांचे तुरे लालभडक झाले, त्यांच्या आपसात मारामाऱ्या सुरू झाल्या. हा आपला फिकट तुरा घेऊन सोज्वळपणे मान खाली घालून दाणे टिपतोय. चाळीतल्या प्रत्येकाला कळून चुकलं होतं. मलाही. मी तोंडात पदर कोंबून गप्प राहिले, कारण सासूबाईंच्या डोळ्यांत बघायची माझी छाती नव्हती.

समोरच्या खोलीतल्या काकू मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "काय हो, तुमचा कोंबडा आरवत कसा नाही? आम्हाला मेलं घड्याळाला चावी द्यावी लागते."

"द्येवाचो कोंबो तो," सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "द्येवाकच आरवान दाखयतलो."

शिमग्याला महिना राहिला. एका सकाळी मी सासऱ्यांच्या पायथ्याची गोधडी उचलली. घडीत अंडं होतं. तांबूस, छोटं, अजून ऊन. शेजारी आमचा कोंबडा मोठमोठ्यानं जगाला ती वार्ता देत होता.

सासूबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांनी अंडं पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसल्या. दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं पिल्लं उचलणारे हात त्यांनी मांडीवर उताणे टाकले.

"मी द्येवाक फसयलंय," त्या पुटपुटल्या. "आता तो ह्यांका परत न्हेतलो."

त्या फसवणुकीत माझाही वाटा होता. होकार मीच दिला होता ना!

सासऱ्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. काठी न घेता उभे राहिले, माझ्या हातातलं अंडं घेतलं, आणि आजारपणात आम्ही विसरलो होतो त्या गिरणीतल्या, यंत्रांवर चढणाऱ्या आवाजात ओरडले, "अगो, रडतंस कित्याक? मी तुज्यासमोर उभो आसय मां? म्हंजे त्येका कोंबडी चलता!"