भांडेवालीबद्दल मी काय पसरवलं

नाइट शिफ्ट करून आलो की मी मेल्यासारखा झोपतो. आणि बरोबर डोळा लागला की प्लांटच्या कॉलनीतल्या आमच्या सेक्टरच्या गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई ओरडायची. प्लांटच्या भोंग्याने तिच्याकडे शिकवणी लावावी, असा आवाज.

एका सकाळी चिडून मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चोरांबद्दलची एक जुनी पोस्ट बदलून, कोणाला ठाऊक नसलेल्या माझ्या दुसऱ्या नंबरवरून टाकली: ‘सावधान! भांडेवाली कोणत्या घरात म्हातारे एकटे आहेत ते पाहून जाते. पुढे पाठवा.’ वाटलं, चार दिवस तिला कोणी दार उघडणार नाही, आपण निवांत घोरू.

आमच्या गल्लीतली पोरं पुण्याला, हैदराबादला. मागे रिटायर आईबाप, आणि मधे मधे कुलूप लागलेले क्वार्टर. भीती घरोघर होतीच, कोणाची ते तेवढं ठरायचं होतं. ते मी ठरवून दिलं.

संध्याकाळी तोच मेसेज बायकोच्या फोनवर आला. तोवर त्यात बेशुद्ध करायची पावडरही शिरली होती. “पाहा, काय होऊन राहिलं! तुमाले तं झोपेपुढे काही दिसत नाही,” ती म्हणाली.

“बापरे,” मी म्हणालो.

दोन दिवसांनी गलक्याने उठलो. बाहेर बाईला घेरलेलं. टोपली पालथी, डबे नालीत. समोरचे काका तिचा हात पिरगाळून विचारत होते, “बोल, कोणी पाठवलं तुले?”

मी बनियनवर फाटकात उभा. तोंडातून निघालं, “काका, सोडा तिले, पोलिसाले बोलवा.” मग आठवलं, पोलीस आले तर मेसेज कोणाचा तेही निघेल. “नाही तं राहू द्या,” मी घाईने म्हणालो.

तिला सोडलं. ती पुन्हा आली नाही.

पुढच्या सुट्टीला मी माफी मागायला निघालो. जुनवानीकडे तिची वस्ती आहे, हे बायकोला ठाऊक होतं. सोबत जुन्या साड्यांचं गाठोडं नेलं. तिच्या मनगटाला पट्टी होती. मला तिने ओळखलं नाही. एवढ्या साड्यांवर मी भाताचा एकच गंज मागितला, तशी ती चकित झाली.

“हमारे इधर की कोई औरत अब सेक्टर नहीं जाती, भैया,” ती म्हणाली. “वहाँ फेरीवाली को खाली पड़े क्वार्टर में बंद कर देते हैं. दो तो लौटी ही नहीं.”

हे खोटं आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं.

“आप किधर रहते हो?”

“वैशाली नगर,” मी सेक्टरबाहेरच्या वस्तीचं नाव सांगितलं.